वाकडी वेणी

रविवार, ३ डिसेंबर २००६

तारीख मोनालीने घातली. मला विचाराल तर आज उवा काढायचा वार.

इथल्या मुख्य मार्गीबाईंनी सातवीच्या मुलींना एकेक वही दिली आहे. रोज एखाद्या मोठ्या माणसाचं बोलणं ऐकायचं आणि चांगल्या मराठीत उतरवून काढायचं. त्याने अक्षर सुधारतं म्हणे. बाकीच्या पोरी मास्तरणींकडे गेल्या, एक चौकीदार रामधनकडे गेली, आणि ही माझ्या चुलीपुढे येऊन बसली. मी तुरीची डाळ निवडायची आणि बोलायचं, हिने लिहायचं. मी "मले" म्हटलं की ही "मला" लिहिते. कोणी कोणाशी बोललं तर ते तेवढं जसंच्या तसं ठेवते, तशी परवानगी आहे. बाकी माझ्या नावावर असं धुवून काढलेलं बोलणं निघणार आहे की माझ्या सासूने ऐकलं तर ती विचारील, ही कोण बाई?

तर लिही. नाव तुळसाबाई. वय बासष्ट. जात विचारू नये, ती आमच्या बापाने छप्पन साली नागपूरला सोडली, तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि गर्दीत माझी एक चप्पल हरवली. अक्षर एक येत नाही. काम पांढरकवड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून मिशनचं बालगृह आणि शाळा आहे तिथे. बेचाळीस लेकरांचा स्वयंपाक करते. रात्रंदिवस ट्रक जातात, भिंती हलतात, लेकरं झोपतात.

सगळी लेकरं मला मावशी म्हणतात. मोनालीही चारचौघांत मावशीच म्हणते. ती माझ्या प्रफुल्लची पोर, माझी सख्खी नात. हे इथे कोणालाच माहीत नाही. दीड वर्षापूर्वी प्रफुल्ल रामराव पाटलांच्या कपाशीवर फवारणी करता करता पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. हिची आई हिच्या दुसऱ्या वर्षीच गेलेली. बालगृहाचा नियम असा, की ज्या लेकराला मागे कोणी म्हणजे कोणीच नाही त्यालाच खाट, आणि लेकराच्या नातलगाला इथे नोकरी नाही. त्या साली कपाशीच्या गावांतून तशी लेकरं फार आली. मी कागदावर अंगठा दिला की मी शेजारीण, पोरीला कोणी नाही. महिनाभराने स्वयंपाकीण पाहिजे म्हणून कळलं, तेव्हा मागच्या दाराने मीही आत आले.

"हे लिहू नको हं," म्हटलं.

"नाई लिहिलं," म्हणते.

गुणाची आहे.

आज बावीस पोरींच्या वेण्या घातल्या. मोनालीला मी नेहमी शेवटी बसवते आणि वेणी जरा वाकडी घालते. मुद्दाम. बावीस वेण्यांत एकच सुरेख निघाली तर लोकांच्या डोळ्यांत भरते. तिला खरपूस पोळी वाढायचा मोह होतो तेव्हा मी ती सुरभीला वाढते. सुरभीला वाटतं मावशीचा तिच्यावर फार जीव. असू दे वाटलं तर.

बुधवार, ६ डिसेंबर

चुलीच्या वरच्या फळीवर मेणबत्ती लावली. मार्गीबाई दुधाचं भांडं घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. बाई तिकडच्या, दूर बर्फाच्या देशातल्या. देशाचं नाव मला पाच वेळा सांगून झालं, तोंडात बसत नाही. इथे येऊन एकोणीस वर्षं झाली. मराठी पुस्तकासारखं बोलतात.

"हे कोणासाठी आहे?"

"बाबासाहेबांसाठी. आज त्यांचा दिवस."

"मी बसले तर चालेल काय?"

बसल्या, ज्वारीच्या पोत्यावर. मेणबत्ती अर्धी होईस्तोवर उठल्या नाहीत. दीड वर्षात एकदाही मला "आमच्या प्रार्थनेला या" म्हणाल्या नाहीत. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणणार होते, बाई, आमच्या घराने एकदा धर्म बदलला, पुन्हा बदलायला आता गुडघे राहिले नाहीत. ते उत्तर वाया गेलं.

मंगळवार, १२ डिसेंबर

मार्गीबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "तुळसाबाई, प्रफुल्ल आपले एकच पुत्र होते काय?"

मी म्हटलं, "कोण प्रफुल्ल?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "क्षमा करा," म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या. अर्धा चहा कपात तसाच.

प्रफुल्लचं नाव मी इथे कधी काढलं नाही. हे काम रामधनचं असणार, त्याचे पाहुणे आमच्या गावाकडे आहेत. गेटावर जाऊन त्याला धरलं.

"काहून रे, बाईले माह्या पोराचं नाव तू सांगितलं?"

"म्या कायले सांगू, बाई? तुले पोरगा होता हेच मले आत्ता मालूम झालं."

"झालं ना मालूम? मग आता तोंड बंद ठेव."

परत येताना लक्षात आलं की त्याला मीच सांगितलं. वय झालं.

मोनाली हसून राहिली आहे. हस. या वहीत तांबड्या खुणा काहून दिसतात, विचारलं. म्हणते, शनवारी वह्या जमा होतात, बाई काना-मात्रा तपासतात.

"वाचतात का वं?"

"काना-मात्राच पाहतात, आजी."

बरं आहे. परक्या मुलखातल्या बाईला आपली काना-मात्रा दिसली तरी पुष्कळ. आणि पाहिलं तरी काय आहे आत? डाळ, चूल आणि मेणबत्ती. जे झाकायचं ते पोरगी गाळते.

सोमवार, १८ डिसेंबर

पत्र आलं. सकाळच्या प्रार्थनेनंतर मार्गीबाईंनी सगळ्यांना वाचून दाखवलं. तिकडे बर्फाच्या देशात मिशनची स्वतःची शाळा आहे, मोठी, विटांची, राहायला तिथेच. यंदा इथून एक मुलगी नेणार. बारावीपर्यंत शिकवणार, पुढे नर्स व्हायचं तर नर्स. अट एकच. तिला मागे कोणी नसावं, म्हणजे उद्या कोणी परत मागायला येणार नाही.

मुलींत पहिला नंबर मोनालीचा. दुसरा सुरभीचा.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हाताला पीठ होतं, ते उडालं आणि लेकरं हसली. मास्तरणी म्हणाल्या, "मावशी, आज गोड करा." केलं. गुळाचा शिरा. बेचाळीस ताटं वाढली आणि शेवटच्या ताटाशी आल्यावर समजलं की आपण दोनदा साखर, एकदा गूळ असं काहीतरी घातलं आहे. कोणी तक्रार केली नाही, लेकरांना तर सणच झाला.

बुधवार, २० डिसेंबर

डाळ निवडून झाली. आता तांदूळ.

लिहू नको, फक्त ऐक. मी खरं बोलले तर उद्या तुझी खाट जाईल, माझी चूल जाईल, आणि दोघी गावाला. गावात शाळा सातवीपर्यंत, ती तुझी झाली. पुढे कापूस वेचायला जायचं. नाही बोलले तर तू विमानात. मी चुलीपाशी. माझ्या अंगठ्याने मीच लिहून दिलं आहे की मी तुझी कोणी नाही. आता कोणत्या तोंडाने म्हणू की आहे?

उंदराच्या सापळ्यात पोळीचा तुकडा लावतात. मी तर पोळी पाहून, हुंगून, समजून उमजून आत शिरले.

"तुले जायचं हाय का?" विचारलं.

पोरगी पेन चालवत राहिली. लिहू नको म्हटलं तरी पेन कशाचं चालतं? म्हणते, नक्षी काढून राहिली.

सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. दीडशे करंज्या. सारण खोबऱ्याचं, मार्गीबाईंना आवडतं म्हणून थोडी खसखस.

दुपारी फोटो काढायचे ठरले, तिकडे पाठवायला. मोनालीचा वेगळा. भिंतीला पोपडे आले आहेत म्हणून मागे पांढरी चादर धरायची. चादर धरायला दोन उंच माणसं पाहिजेत. एका टोकाला रामधन, दुसऱ्या टोकाला मी. स्टुलावर चढले.

चादरीच्या अलीकडे माझी नात, पलीकडे मी. मला तिचं डोकं दिसत नव्हतं, चादरीवर सावली दिसत होती. वेणीची सावलीसुद्धा वाकडी.

"मावशी, हात खाली घ्या, बोटं दिसत आहेत," फोटोवाला ओरडला.

मार्गीबाई म्हणाल्या, "दिसू देत."

फोटोवाल्याने कपाळावर हात मारला. मलाही बाईंचं नवल वाटलं. एवढी कडक बाई, आणि फोटोत म्हातारीची बोटं चालतात.

शनिवार, ६ जानेवारी २००७

आज कागद आला. बाईंच्या खोलीत बोलावणं. मुलीला ज्याने इथे आणलं त्याचाच पुन्हा अंगठा पाहिजे, म्हणजे माझा, शेजारणीचा.

मार्गीबाईंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मी म्हटलं, समजलं बाई. तरी तिसऱ्यांदा वाचला, एकेक शब्द बोटाने दाखवत. "सदर मुलीस आजी, आजोबा, काका, मामा, कोणीही हयात नाही." आजी या शब्दावर बोट जास्तच थांबलं. बाईंच्या बोटांना संधिवात आहे, थंडीत अडकतात.

"आपल्याला काही सांगायचे आहे काय?"

"नाई बाई. कुठं लावू अंगठा?"

बाईंनी शाईचा डबा उघडला, पाहिला, मिटला. "शाई वाळली आहे. पुढे पाहू. घाई नाही."

आता मला अक्षर येत नाही, पण शाई ओली की वाळली एवढं कळतं. डबा उघडला तेव्हा वास आला होता, ताज्या शाईचा. बाईंची नजर गेली असेल. चष्मा बदलायला सांगितलं पाहिजे.

मंगळवार, ९ जानेवारी

स्वतः गेले. म्हटलं, बाई, अंगठा घ्या, डोक्यावरचं ओझं उतरू द्या. शाई अजून आणली नाही म्हणे. पांढरकवड्याला जाऊन आलेली जीप मी डोळ्यांनी पाहिली. तिच्यात साबण होता, वह्या होत्या, फिनेल होतं.

रामधनला म्हटलं, "तुमच्या बाईचा सारा कारभार असाच हाय."

तो म्हणे, "बाई काईच विसरत नाई. तुले शाई भेटत नसन तर बाईच्या मनात नसन."

याला काय कळतं.

शुक्रवार, १२ जानेवारी

सुट्टी घेऊन गावाला जाऊन आले. एष्टीने दीड तास. घराला कुलूप तसंच आहे, कुलपावर कोळ्याने घर केलं आहे.

शेजारी रुखमाबाई. खरी शेजारीण ती, मी आपली कागदावरची. तिच्या हातचा चहा घेतला आणि तिची नात कोकिळा कुठे आहे विचारलं. मोनालीच्याच वर्गातली होती.

"रामराव पाटलाच्या वावरात गेली. कापूस वेचून राह्यली. दिवायीपासून शाळा सुटली तिची."

वावरापर्यंत चालत गेले. पोरीच्या कमरेला ओढणीची झोळी, झोळीत कापूस. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटलेली. मला पाहून हसली. "मोनाली काय करते वं, आजी?"

म्हटलं, "शिकते."

"अजून?"

त्याच बांधावर प्रफुल्ल पडला होता. पाठीला पंप बांधलेला होता म्हणून नीट आडवाही झाला नाही, कलता पडला. मी बांधावर बसले नाही. परतीच्या एष्टीत ठरवलं. पोरगी जाईल. नर्स होईल. अंगठा देणार, शाई नसेल तर चुलीच्या काजळीने देणार.

आल्यावर मोनालीला हे सांगितलं आणि हे लिही म्हटलं. तर आज लिहीना. पेनाची शाई संपली म्हणते. या घरात शाईला काय झालं आहे?

शनिवार, २० जानेवारी

हे आज संध्याकाळी सांगते आहे.

तिकडून दोघं आले. एक उंच साहेब आणि एक बाई, बाईचे केस पांढरे, पाय सुजलेले. मी त्यांना भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. साहेबाने तिखटामुळे नाक पुसलं पण ताट संपवलं, म्हणजे माणूस चांगला असावा.

जेवणानंतर मार्गीबाईंच्या खोलीत सगळे. टेबलावर तो कागद. बाजूला शाईचा डबा, उघडा, ओला.

पांढऱ्या केसांच्या बाईने मोनालीकडे पाहून काही विचारलं. मार्गीबाईंनी मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, तुझे कोण आहे?"

पोरगी माझ्याकडे पाहीना, खिडकीकडे पाहीना, पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मला धीर धरवला नाही. मीच बोलले, "कोणी नाई जी तिले. कोणीच नाई."

मार्गीबाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं की नाही कोण जाणे, बराच वेळ लावला. मग कागद पुढे ओढला. "खाली एक जागा रिकामी आहे. साक्षीदाराचे मुलीशी नाते. मोनालीचे अक्षर चांगले आहे. तीच लिहील."

मोनालीने पेन घेतलं. मागच्या वेळी तिथे शेजारीण लिहिलं होतं, कारकून बराच वेळ लिहीत होता. हिने एकदा टेकवलं आणि उचललं. मला वाटलं, झालं पण? मग वाटलं, पहिला नंबर आहे, भरभर लिहिते.

मी अंगठा शाईत बुडवला आणि दाबला. पोरीच्या अक्षराशेजारी, चांगला जोर देऊन. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून सगळा जोर अंगठ्यात घातला.

पांढऱ्या केसांच्या बाईने त्या जागेवर बोट ठेवून विचारलं. मार्गीबाईंनी एकच शब्द सांगितला. ती बाई माझ्याकडे पाहू लागली. साहेबाने पेनाचं टोपण लावलं.

"काय झालं?" मी विचारलं. "शेजारीण लिहिलं ना वं?"

"नाई," मोनाली म्हणाली. "आजी लिहिलं." आणि मग सगळ्यांसमोर, दीड वर्षात पहिल्यांदा भर दिवसा, मोठ्याने म्हणाली, "आजी."

मी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की पाहुणी बाई खुर्चीत दचकली.

"कार्टे! विमान चाललं होतं ना तुह्यं! नर्स होणार होती ना तू!"

आणि तिला जवळ धरलं, ते कसं धरलं मला आठवत नाही. तिच्या फ्रॉकवर माझा अंगठा उमटला आहे, निळा. निघणार नाही.

मार्गीबाई पाहुण्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. नंतर मला मराठीत सांगितलं, "मी म्हणाले, आता पुराव्याची गरज उरली नाही."

मंगळवार, २३ जानेवारी

मार्गीबाई आज पुन्हा ज्वारीच्या पोत्यावर येऊन बसल्या. मी मागे वळून न पाहता विचारलं, "तुमाले कधीपासून मालूम होतं?"

"वहीच्या पहिल्या शनिवारपासून."

हातातला झारा कढईत पडला. मोनालीकडे पाहिलं. ती लिहीत होती, आत्ता लिहिते आहे तशीच, मान खाली. म्हणजे सगळं लिहिलं हिने. लिहू नको म्हटलेलं सुद्धा. "लिहू नको" हे सुद्धा.

"मग बोलल्या काहून नाई?"

"नियम माझा नाही, तुळसाबाई. सही मात्र माझी आहे. मी बोलले असते तर त्याच दिवशी मला तिकडे कळवावे लागले असते, आणि खाट काढून घ्यावी लागली असती. मला वाटले, आपण बोलाल."

"अन् मले वाटलं, शाई वायली."

"शाई पुष्कळ होती," बाई म्हणाल्या. आणि पोत्यावर बसल्या बसल्या हसल्या. एकोणीस वर्षांत बाईंचे दात एवढे कोणी पाहिले नसतील. मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, त्यांची आई तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात आहे. मागच्या उन्हाळ्यात भेटायला गेल्या तर आईने विचारलं, आपण कोण?

मी त्यांना खरपूस पोळी दिली. दुसरं काय देणार.

रविवार, २८ जानेवारी

सुरभी परवा गेली. तिला खरंच कोणी नाही. आदल्या दिवशी तिची वेणी घालताना तिने विचारलं, "मावशी, तिकडं वेणी कोण घालते?" म्हटलं, तिकडं थंडी असते, टोपी घालतात. तिला डब्यात तिळाचे लाडू दिले आणि दोन रिबिनी. गेटाबाहेर जीप वळेस्तोवर ती मलाच हात करत होती. पोळ्या मी तिला मोनालीच्या वाटच्या वाढत होते, हे तिला कधी कळू नये. हे लिहू नको. खरंच लिहू नको, माय.

मोनालीची खाट काल उमरखेडच्या एका लहान पोरीला मिळाली. आम्ही दोघी आता कोठीघरात झोपतो, तुरीच्या आणि ज्वारीच्या मध्ये. शाळेला नियमाची अडचण नाही, शाळा कोणीही शिकावी, नियम खाटेचा आणि नोकरीचा आहे. आमचं काय करायचं हे मार्गीबाईंनी तिकडे पत्राने विचारलं आहे. ऑफिसात फोन आहे, कॉम्प्युटर आहे, रामधन म्हणतो त्यावरून पत्र डोळ्याची पापणी लवते तोवर पोचतं. बाईंनी टपालाने पाठवलं. साधं तिकीट लावून.

उत्तर येईल. एक दिवस येईलच, आणि तिकडे नियम करणारी माणसं आहेत, मेणबत्तीपाशी बसणारी नाहीत. एष्टीचा आवाज आला की मी गेटाकडे पाहते, पोस्टमन उतरला का. मग चुलीत लाकूड सारते.

आज उवांचा वार. मोनाली रांगेत सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. "आजी, वेणी घाल."

घातली. वाकडी आली. सोडली, पुन्हा घातली. पुन्हा वाकडी. दीड वर्ष हातांना तीच सवय लावली, आता ते सरळ घालायचं विसरले. तिसऱ्यांदा सोडली. मागे एकवीस पोरी कुरकुरू लागल्या, "मावशी, आमचा नंबर कधी?"

मार्गीबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "घाई नाही."